तिन्ही बाजूंस पाणी, उत्तरेस बांध

मी, चतुराबाई प्रतापराव बिरादार, वय वर्षे बहात्तर, राहणार काचीगुडा, हैदराबाद, हे मृत्युपत्र करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा कान थोडा कमी ऐकतो, पण मासा लागल्याचे बोटांना कळते, त्यासाठी कान लागत नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट हे लिहू नये म्हणून घरात आठवडाभर माझी मनधरणी चालू होती. मजकूर माझा आहे आणि अक्षर माझे पती प्रतापराव यांचे. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हेडक्लार्क होते, आणि त्यांच्याइतके सुवाच्य अक्षर आमच्या ओळखीत कोणाचे नाही. मी बोलेन तसे उतरवायचे, मध्ये सुधारणा करायची नाही, असे आमचे ठरले आहे.

(मान्य. मात्र हरकत असेल तेथे ती कंसात नोंदवीन. — लेखनिक)

कलम १. काचीगुड्याचे घर प्रतापरावांच्या नावावर आहे, तेव्हा त्याबद्दल मला बोलण्याचा अधिकार नाही. तरी न्हाणीघराचा नळ गळतो एवढे येथे लिहून ठेवते, म्हणजे निदान कागदोपत्री तरी तो गळेल.

कलम २. पुतळ्यांची माळ व पाटल्या सूनबाई भाग्यलक्ष्मी हिला द्याव्यात. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या पिशवीचा वास येतो म्हणून ती नाकाला पदर लावायची. आता माशाचे डोके कोणाला वाढायचे यावरून नवऱ्याशी भांडते. मला या मुलीचा अभिमान वाटतो.

कलम ३. बँकेत माझ्या नावे जे काही असेल ते सर्व चिरंजीव रितेश यास मिळावे. त्याचे बेगम बाजारात भांड्यांचे दुकान आहे आणि त्याला गोदामासाठी जागा हवी आहे. या पैशातून त्याने गोदाम भाड्याने घ्यावे. हे कलम त्याने नीट वाचावे, कारण कलम सात वाचल्यावर त्याला राग येणार आहे.

कलम ४. माझी हत्यारे. रीलची काठी, हातजाळे, गळांचा डबा आणि मोरपिसाच्या काड्या (या पाण्यावर तरंगतात व मासा ओढू लागला की बुडतात) या वस्तू कोणाला द्यायच्या ते कलम सातमध्ये येईल. बांबूची जुनी काठी मी यूसुफभाईंना देणार होते. हे रेल्वेतले निवृत्त टीसी, माझे मासेमारीतले गुरू. परंतु जो साक्षीदार आहे त्याला मृत्युपत्रात काही देऊ नये, असे लेखनिकाचे म्हणणे पडले. म्हणून मी उठले आणि काठी आत्ताच त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "भाभी, इत्ती जल्दी क्या है? आप तो अच्छे-भले बैठे हैं." मी म्हटले, "ठेवा तुमच्याकडं. काठीचा आन् मृत्युपत्राचा आता काई संबंध नाही." आता ती दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून ते साक्षीदार म्हणून बसले आहेत.

कलम ५. माझे आमिष. गेली कित्येक वर्षे यूसुफभाई मला विचारत आले आहेत की माझ्या गोळ्यात असे काय असते की रोहू त्यांना सोडून माझ्याकडे येतो. मी कधी सांगितले नाही. ते समोर बसलेले असतानाच आज सांगते: सत्तूचे पीठ, उस्मानिया बिस्किटाचा चुरा, किंचित बडीशेप, आणि मळायला पाण्याऐवजी ताक.

यूसुफभाईंनी गुडघ्यांतली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "छाछ? मैं सोंचा शहद है. इत्ते साल से मैं मछलियों को शहद खिला रहा हूँ."

(हा संवाद मृत्युपत्रात असण्याचे कारण नाही. सांगितला म्हणून लिहिला. — लेखनिक)

कलम ६. माझे मावसभाऊ शशिकांत यांच्याविषयी. तळी आटली होती त्या वर्षांत हे प्लॉट विकण्याच्या धंद्यात होते. शहराबाहेर गौरम्मा चेरुवू नावाच्या तळ्याकाठी त्यांनी 'वेंचर' टाकले, पांढरे दगड रोवले, रंगीत नकाशा छापला, आणि चहा पाजून प्रतापरावांना तिथे फिरवून आणले. जमीन सपाट, कडक, वर बाभळीची दोन रोपे. प्रतापरावांनी प्लॉट माझ्या नावावर घेतला आणि रात्री जेवताना अंगण कुठे, तुळस कुठे, ते ताटातल्या भातावर बोटाने काढून दाखवले. पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरे झाले आणि तळे आपल्या जागेवर परत आले. आमचा प्लॉट तळ्याच्या पोटात होता. पांढरे दगडसुद्धा दिसेनात.

आम्ही दोघे बघायला गेलो. हे कागदांची पिशवी छातीशी धरून बांधावर उभे राहिले. पुढे ऑफिसात कोणीतरी विचारले, "बिरादार, नाव घेतली की नाही?" त्यानंतर हा गृहस्थ त्या वाटेला गेला नाही. मुलाला ते 'तो खड्डा' म्हणून सांगायचे.

मी मात्र त्याच दिवशी पाहिले होते. बरोबर आमच्या प्लॉटवर, जिथे तुळस यायची होती तिथे, एक मरळ पाण्याबाहेर उडाली आणि परत आत गेली. शेजारी बांधावर टोपी घातलेले एक गृहस्थ गळ टाकून बसले होते. प्लॉट आमचा आहे हे कळल्यावर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माफ करना भाभी, मैं आपके प्लाट में गल डाल को बैठा हूँ. किराया लेते क्या?" ते हे यूसुफभाई. पुढच्या आठवड्यात मी बसने एकटी गेले. त्यांनी मला काठी धरायला शिकवले, आणि दर मृगाला ते अजून रीतसर परवानगी मागतात.

तेव्हा शशिकांत यांजवर माझा राग नाही. सारे नातेवाईक त्यांना शिव्या घालतात, म्हणून ते लग्नकार्यात मला पाहून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसतात. त्यांनी तसे करू नये. इतकी सुखाची जागा मला दुसऱ्या कोणी मिळवून दिलेली नाही. त्यांना तो रंगीत नकाशा द्यावा. काच लावून ठेवला आहे.

(लेखनिकाचा शशिकांत यांजवर राग आहे व तो कायम आहे. — लेखनिक)

कलम ७. आता प्लॉट. त्याची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस पाणी, दक्षिणेस पाणी, पश्चिमेस पाणी, उत्तरेस बांध. ऐन उन्हाळ्यातही पाणी गुडघ्याखाली जात नाही.

त्याच वेंचरमधल्या पलीकडच्या प्लॉटवाल्यांनी गेल्या दोन वर्षांत मुरूम टाकून आपापले पाणी बुजवले आणि वर भिंती घातल्या. मागच्या महिन्यात रितेश मला म्हणाला, "आई, दोन दिवसांचं काम हाय. टिप्परनं मुरूम टाकला की जागा तयार. गोदाम हुतंय."

मी विचारले, "आन् मासे?"

"मासे काय आई, बाजारात भेटतेत की."

यात मला रितेशचे वाईट वाटले नाही. तो दुकानदार आहे, त्याला जागा दिसते. वाईट वाटले ते प्रतापरावांचे. ते म्हणाले, "बुजवून टाकू. मग पाणी इकत घेतलं म्हणून तरी कुणी हसणार नाही." म्हणजे इतकी वर्षे ते तेच मनात धरून बसले होते. मृगाच्या दिवशी सारे हैदराबाद मासे खाते, त्या दिवशी माझ्या प्लॉटवरचा कटला हे तीनदा वाढून घेतात, रश्श्यात येसराचा मसाला कमी पडला म्हणून बोलतात, आणि तो कुठून आला हे एकदाही विचारत नाहीत. येत्या सोमवारी पहिले टिप्पर यायचे ठरले आहे, असे काल जेवताना मला कळले. माझी सही तेवढी बाकी आहे. ती मी देणार नाही. पण मी गेल्यावर सही कोण करणार, हा प्रश्न उरतो, आणि म्हणून हे मृत्युपत्र.

सदरहू प्लॉट, त्यावरील पाणी, पाण्यातील मासे व कलम चारमधील सर्व हत्यारांसह, मी माझे पती प्रतापराव यांना देते.

(लेखनिक येथे थांबला. त्याने पेन खाली ठेवले. सांगणाऱ्या बाईंनी पुढे लिहा असे सांगितल्यावर पुन्हा उचलले. — लेखनिक)

अट एकच. माझ्या पश्चात त्यांच्या हयातीत त्यावर घमेलेभर मुरूमही पडू नये, आणि त्यांच्यानंतर तो प्लॉट सरकारी कागदांवरही तळ्याचाच करून टाकावा. ही अट त्यांनी मोडली तर मी परत येऊन भांडू शकणार नाही, हे मला कळते. मी तो सरळ तळ्याच्या नावेही करू शकले असते. मुकुंदरावांनी, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांनी, तसाच सल्ला दिला होता.

तसे का केले नाही ते सांगते. मी गेल्यावर हा माणूस त्या दोन खोल्यांत पेपर वाचत बसून राहील. कोणाकडे जाणार नाही, कोणाला बोलावणार नाही. सूनबाई डबा पाठवील आणि तो डबा अर्धा परत जाईल. मला त्याची फार काळजी वाटते. आजवर घरात हे कधी बोलले नाही, आज बोलते आहे. तुम्ही फसला नव्हता हो. तुम्ही बायकोला तळे घेऊन दिलेत. हैदराबादेत असा दुसरा नवरा दाखवा मला. माझ्या पश्चात एकदा तरी बांधावर जाऊन बसा. काठी धरलीच पाहिजे असे नाही.

(वरील मजकुरावर हरकत नोंदवायची होती. सुचली नाही. — लेखनिक)

कलम ८. मृगाला घरात मासा शिजला पाहिजे. चिंच भाग्यलक्ष्मीच्या हाताने, येसर माझ्या डब्यातला. डबा संपल्यावर काय करायचे ते तिचे तिने बघावे.

येणेप्रमाणे हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र, राजीखुशीने, पंख्याखाली बसून, चहा घेऊन केले. मला वाचून दाखवले. शुद्धलेखनाखेरीज त्यात बदल केलेला दिसत नाही.

सही: चतुराबाई प्रतापराव बिरादार

साक्षीदार:
१. मुकुंदराव पाटील, शेजारी. सही.
२. मोहम्मद यूसुफ, निवृत्त टीसी. सही. (मराठी वाचता येत नाही. मजकूर समजावून सांगितला. कलम पाच दोनदा.)

लेखनिकाचे निवेदन:

वरील मजकूर चतुराबाईंनी सांगितला तसा मी, प्रतापराव बिरादार, याने स्वहस्ते लिहिला. दोन्ही साक्षीदारांनी तिची सही होताना पाहिली व तिच्यासमोर आपल्या सह्या केल्या. शशिकांत यांजविषयीची हरकत मागे घेत नाही.

कलम सातला मात्र एक हरकत नव्याने नोंदवतो. त्यात 'माझ्या पश्चात' असे शब्द आहेत. तिच्या पश्चात त्या बांधावर जाऊन मी एकटा काय करू? मला गळाला गोळा लावता येत नाही. साक्षीदार चहा पीत असताना मी आतल्या खोलीत जाऊन रितेशला फोन केला आणि सोमवारचे टिप्पर नको म्हणून सांगितले. त्याने कारण विचारले. त्या जागेवर तुझी आई आणि मी बसणार आहोत, असे सांगितले.

गौरम्मा चेरुवूची पहाटेची बस कुठून सुटते हे मला ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे. उद्या मी तिच्याबरोबर जाणार आहे.

सही: प्रतापराव बिरादार
स्थळ: काचीगुडा, हैदराबाद
दिनांक: २३ मे २०२५