शेळीला सांगितलेलं

माय, तू गेलीस त्याला आता तीस वर्षं होत आली. मी चौथीपर्यंतच शिकलो, अक्षर अजून तसंच वाकडं आहे, समजून घे. उद्या सकाळी हिला घेऊन बीडला जायचं आहे, डोळ्याच्या ऑपरेशनला. आधार कार्ड पिशवीत आहे का, तीनदा पाहिलं. चौसाळ्याहून पहिली गाडी किती वाजता ते दोघांना विचारलं, दोघांनी वेगवेगळं सांगितलं. जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुझ्याशी बोलत बसलोय.

कारखान्यावरची आपली कोपी आठवते का तुला? उसाच्या पाचटानं शाकारलेली, समोर चूल, पलीकडे बैल बांधलेले. आबांशी तू कधी सरळ बोलली नाहीस. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, आणि कोप्यांच्या त्या दाटीत चारचौघं कायमच असायचे. मग तू बैलाशी बोलायचीस. "पांढऱ्या, पीठ सरलं बरं का. उद्या काय दगडं भाजू?" आबा बिडी ओढत बैलालाच उत्तर द्यायचे, "तिला म्हनाव, बाजार उद्या हाय. आज भात घाल." एकदा मी हसून म्हणालो, "माय, बैलाला कावून सांगतीस? आबाला सांग की." तू पाठीत धपाटा घातलास. "ज्याला ऐकायचं त्याला ऐकू जातंय. तू गप जेव."

मला वाटलं, संसार असाच असतो. लग्नानंतर आम्हीही वीस हंगाम ऊस तोडला. मी तोडायचो, ही मोळ्या बांधायची. मुकादम आम्हा नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणायचा. दोघं मिळून एकच कोयता म्हटल्यावर आपसात बोलायचं काय राहिलं, असं मी धरून चाललो.

आता पोरं पुण्याकडे आहेत. घरात मी, ही आणि एक शेळी. धार काढताना ही शेळीला सांगायची, "बाई, डाव्या डोळ्यानं लई धुरकट दिसतंय गं." मी ओट्यावर सुपारी कातरत असायचो. शब्द न् शब्द ऐकला, पण ते शेळीला आहे, मला नाही, असंच खरोखर वाटलं. परवा तिनं कालवण ताटाबाहेर वाढलं. मी खेकसलो, "डोळे फुटले का तुझे?"

"फुटायलाच लागलेत," ती म्हणाली. "पोळ्यापासून सांगती की."

"मला कवा सांगितलंस?"

"तुमी हितंच तर बसलेले असता. का आता शेळीनं उठून तुमाला सांगावं?"

तेव्हा ध्यानात आलं, माय. आबा बैलाला का होईना, उत्तर द्यायचे. मी नुसता ऐकत राहिलो.

काल दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू फार पिकलाय, इतके दिवस काय करत होता? नजर किती परत येईल ते पट्टी सोडल्यावरच कळेल. मी मान खाली घातली. हीच म्हणाली, "त्यांची चूक न्हाई. मीच बोलले न्हाई." तिनं असं पांघरूण घातल्यावर मला बाहेर बाकड्यावर बसवेना.

आज दुपारी ती मेथी निवडत होती. मी समोर जाऊन बसलो आणि विचारलं, "भ्या वाटतंय का?" तिनं आधी मागं वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. मग म्हणाली, "मला? न्हाई. तुमाला?"

"छे," मी म्हणालो. "मला कावून भ्या वाटंल."

ते खोटं होतं, माय. मला लई भ्या वाटतंय. हा कागद कुठं धाडायचा नाही, आणि तुला सांगायला हिंमत लागत नाही, तू मेलेली आहेस. ती आत भाकरी थापतेय, दहा पावलांवर. तिथवर जाऊन हे एवढं एक वाक्य बोलायला मला अजून जमलेलं नाही.