जावईबापूंचा घाटातला आकडा

अमरावती,
रविवार (घाटात न गेलेला)

आदरणीय जावईबापू नागसेनराव यांना धर्मेंद्रचा सप्रेम जयभीम.

आपली प्रकृती आता बरी असेल. पोटऱ्यांतले गोळे उतरले असतील, जिना चढता येत असेल आणि पंचायत समितीत साहेब आले की खुर्चीतून उठताना टेबल धरावा लागत नसेल, अशी आशा करतो. इकडे आई ठणठणीत आहे. रोज सकाळी "जवायाचा फोन आला काय?" असं विचारते आणि माझं उत्तर ऐकून माझ्या चहात साखर टाकायची विसरते. भावना मात्र माझा फोन उचलत नाही. घाटातून अकोल्याला परत गेल्यापासून एकदाही उचललेला नाही. सख्खी बहीण बोलत नाही याचं कारण आपण आहात असं मी धरून चाललो आहे, म्हणून जे झालं ते कागदावर नीट मांडून पाठवतो. व्हॉट्सॲपवरच मांडलं असतं, पण आपण मला ब्लॉक केलं आहे (त्याबद्दल तक्रार नाही, जावयाचा तो हक्कच आहे).

पहिली गोष्ट, वॅट म्हणजे काय हे मला कोणी शिकवलं नाही आणि आता कोणी शिकवायलाही येऊ नये. कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही, पण मोर्शीकडच्या संत्र्याच्या किती बागा माझ्या हातच्या वाइंडिंगवर पाणी पितात ते तिकडे जाऊन विचारा. जळालेली मोटर दुकानात आली की ती कशानं जळाली हे मी झाकण उघडण्याआधी वासावरून सांगतो. पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर सायकलला लावला तेव्हा आमच्या सायकलच्या गटातल्या पिंटूसारखे लोक (चपलांचं दुकान, बाकी काय सांगू) त्यात नुसता आकडा पाहत होते, मी लोड पाहत होतो. इंटरनेटवरचं सगळं मी डिक्शनरी घेऊन वाचलं, आणि त्यातलं निम्मं चूक आहे हेही माझं मीच शोधून काढलं. म्हणून आमच्या रविवारच्या गटात चार मिनिटं कोणी किती वॅटवर जोर लावायचा, मग किती दम खायचा, पुन्हा किती लावायचा, अशा सगळ्या फेऱ्या मी ठरवत आलो आहे. आलो होतो, असं आता लिहावं लागतं.

आपण सायकल घेतली आणि दर्यापूर रोडवर मी आपली चाचणी घेतली तेव्हा आपण दोनशे वीस वॅट टिकवले. छान टिकवले. पण तो रस्ता सपाट, टेबलासारखा. सपाटीवरचा आकडा घाटात जशाचा तसा नेता येत नाही, हे मी आपल्याला चहाच्या टपरीवर बशीत बिस्किटं मांडून समजावलं होतं (बिस्किटं आपण खाल्लीत, मुद्दा तिथेच राहिला). अंगानं हलका गडी असला आणि गिअर सोपे असले तर घाटात त्याचा आकडा थोडा वाढवता येतो, कारण चढ त्याला पाय सैल सोडूच देत नाही. पण आपला देह भरदार (आपल्या मातोश्री दुर्गाबाईंच्या हातचा पाहुणचार, दुसरं काय) आणि आपल्या सायकलचे गिअर शर्यतीचे, जड. वळणावर पाय हळू फिरणार, तेवढेच वॅट काढायला मांड्या दुप्पट जळणार. व्होल्टेज पडलं की मोटर ॲम्पिअर जास्त ओढते आणि वाइंडिंग जळतं, तसंच. शेतकऱ्याला हे एका वाक्यात समजतं. सबब मी आपला घाटाचा आकडा उतरवून दोनशे पाच केला. माझा दोनशे पंधरा. हिशेब शास्त्रशुद्ध होता आणि आजही आहे.

आता परतवाड्याच्या पुढे काय झालं ते आठवा. जेवणाचे डबे घेऊन आई जीपमधून सोबत होती. घाट सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना आकडे वाचून दाखवले आणि तिनं जीपच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"जवायाचा दोनशे पाच अन् तुहा दोनशे पंधरा? जवायाले साळ्यापरीस कमी? चार लोकाईत मान घालवतं का बे त्याहिचा?"

मी म्हटलं, आई, हा आहेर नाही, वॅट आहे. ती म्हणाली, "जे असंन ते. वाढव." पिंटू म्हणाला, "वाढवा न भाऊ, आपल्या घरचं काय जाते!" आणि आपण, जावईबापू, हेल्मेटचा पट्टा आवळत दूर डोंगराकडे पाहत राहिलात. लग्नात रुसून बसला होतात तेव्हा हेच तोंड होतं. मी आकडा दोनशे तीस केला. मोटरवर लिहिलेल्या लोडपेक्षा जास्त लोड जाणूनबुजून टाकायची ही माझ्या हयातीतली पहिली वेळ, आणि ती आपल्या मानासाठी.

बरं, दोनशे तीसवर तरी राहावं? पहिल्याच चार मिनिटांत आपण पावणेतीनशेच्या पुढे गेलात, कारण मागून पिंटू "जवाई, जवाई!" ओरडत होता. दुसऱ्या फेरीत मी सारखा सांगत होतो, उतरा, उतरा. तर आपण सायकलवरूनच उतरलात. तिसऱ्या फेरीला आपण कठड्यावर आडवे. मी फक्त एवढं म्हटलं की वाइंडिंग गेलं. त्यावर आपण पडल्या पडल्या म्हणालात, "मी का मोटर आहो काय?" मग जीपमध्ये बसलात, वर पोहोचेपर्यंत माझ्या वाट्याचा झुणका संपवलात आणि खाली येऊन गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहिलंत की साळ्यानं जीव घ्यायचा बाकी ठेवला. माझा दोनशे पाच कोणालाच आठवत नाही.

भावनेचं राहिलं. तीही सायकलवर होती, आपली जुनी घेऊन. निघताना तिनं विचारलं, "भाऊ, अन् माहा आकडा?" मी म्हटलं, तू हौसेनं येऊन राहिली, तुले काय करायचा आकडा? ती हसली. निदान मला तसं वाटलं. आपल्याला जीपमध्ये घालण्यात माझा वेळ गेला (हे नोंदवून ठेवा), तेवढ्यात ती पुढे निघून गेली आणि मी वर पोहोचलो तेव्हा झाडाखाली बसून संत्रं सोलत होती. मी नुसतं विचारलं, मीटर नसताना कसं जमवलं? तिनं अख्खं संत्रं एकटीनं खाल्लं. मला एक फोडही विचारली नाही. नवऱ्याची काळजी असेल, असं मी समजलो.

आता गटाची तऱ्हा ऐका. सगळे आकडे तिला विचारतात. "भावनाताई, उद्या घाटात किती?" ती लिहिते, पहिल्या फेरीत सहज निघंन त्याच्यातून दहा काढ, शेवटच्या फेरीले वाढव. याला काय शास्त्र म्हणायचं? आणि पिंटू तिच्या आकड्यावर सगळ्या फेऱ्या पूर्ण करून हसत खाली येतो. चपलांचं दुकान!

असो. राग नाही. आपण मोठ्या मनानं गटावर एवढंच लिहावं की मूळ आकडा दोनशे पाचच होता. आपली बार्शीटाकळीला बदली होणार असं ऐकलं, त्यासाठी शुभेच्छा.

आपला आज्ञाधारक,
धर्मेंद्र

ता. क. गटावर नाही लिहिलं तरी चालेल.

ता. क. दुसरा. मागच्या रविवारी मी एकटाच घाटात गेलो होतो. दोनशे पंधरा निघाले नाहीत. मीटर तपासला, बरोबर होता. आईला सांगू नका.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. भावनेला म्हणावं, भावासाठी घाटाचा आकडा ठरवून दे. व्हॉट्सॲपवर नको, फोन करून सांग म्हणावं. ती सांगेल तो चूकच असणार, पण का चूक आहे ते मी तिला फोनवरच समजावून सांगेन, घंटाभर लागला तरी.