सुईने नाव घ्यावे काय?

कॅम्प, भिलाई
१६ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप सौ. सासूबाईंचे सेवेशी,
कौशल्येचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आपले चिरंजीवही, डाव्या पायाचा अंगठा सोडून, खुशाल आहेत. अंगठ्याचे पुढे लिहिते.

आपण दिलेल्या हिरव्या आणि डाळिंबी लुगड्यांची गोधडी परवा पुरी झाली. एका ओळीत तेरा टाके लांब पडले होते, ते उसवून पुन्हा घातले. कुणाला दिसले नसते, पण मला ठाऊक होते.

एक तारखेपासून यांना दोन महिने नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर क्रेन उभी करायला जायचे आहे. तिथे एका बरॅकमध्ये तीस माणसे झोपतात आणि पांघरुणांवरून भांडणे होतात. म्हणून जमादाराने हुकूम काढला आहे की पांघरुणावर ज्याचे त्याचे नाव पाहिजे. हे म्हणाले, तू शिकलेली आहेस, दोऱ्याने काढून टाक. इथेच घोडे अडले.

नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, हे आपण मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितले. मी आजवर घेतले नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा यादीवर बोट ठेवून काम भागवते. पत्राच्या पाकिटावरचा पत्ता हेच लिहितात, अक्षरावरून आपल्याकडे ओळखले असेलच. त्याच अक्षरात गोधडीवर खडूने नाव काढायला सांगितले, तर खेकडा निघाला. म्हणजे काढायचे तर मलाच. पण जे तोंडाने घ्यायचे नाही ते सुईने घ्यावे काय? माझ्या आईला अक्षर येत नाही, आजीला येत नव्हते, आपणांसही नाही. आपल्या दोन्ही घरांत हा प्रश्न आधी कुणा बाईला पडण्याची सोयच नव्हती. सातवीच्या पुस्तकात उत्तर नाही, मी पाहिले.

मंगळवारी धीर करून पहिल्या अक्षराची नुसती उभी रेघ घातली. संध्याकाळी हे लंगडत आले. अंगठ्यावर नट आवळायचा पान्हा पडला होता. मी रेघ तत्क्षणी उसवली. हे म्हणतात, पान्हा सकाळी दहाला पडला आणि रेघ तू दुपारी घातलीस. पण पान्ह्याला पुढचे कळत नसेल कशावरून?

शेजारच्या ताराबाई बिलासपूरकडच्या आहेत, भरतकामात फार हुशार. त्या म्हणाल्या, लाओ बहन, मी काढून देते. मी त्यांना सांगितले की रंगीत दोरा संपला. दोऱ्याची अख्खी लड माझ्या मांडीवर होती. खरे कारण फक्त आपणांस सांगते. दुसऱ्या बाईने यांचे नाव काढावे आणि ते यांनी छातीवर घेऊन झोपावे, हे माझ्याने सोसवणार नाही. खोटे बोलल्याबद्दल प्रायश्चित्त असल्यास तेही कळवावे.

हे क्रेनवर फार उंच चढतात, म्हणून विचारते. हसू नये. या प्रश्नामुळे माझ्यावरची माया कमी झाली तर तसेही कळवावे, म्हणजे वाट पाहायला नको.

आपली,
कौशल्या


साकोली, जि. भंडारा
२३ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. कौशल्येस गिरजाबाईचे अनेक आशीर्वाद.

(लिहिणार रामाजी मास्तर. बाई बोलतील तसेच लिहीन असे वचन दिले आहे.)

तुहं पत्र मास्तरानं वाचलं तवा ओसरीवर सात बाया होत्या. आता घरोघरी शालिकरामच्या अंगठ्याची चौकशी होऊन राहिली. पोरी, तू येवढी शिकली अन् येवढी कावून भेऊन राहिली?

तरी पण प्रश्न खोटा नाई. बायाइची पंचायत बसली. एक म्हणे, सुईले तोंड नसते, तं नाव घेतलं असं होत नाई. दुसरी म्हणे, तोंड नसते पण नाक असते, अन् धागा नाकातूनच जाते. तिसरी म्हणे, नवऱ्याच्या नावात सुई टोचणं म्हंजे नवऱ्यालेच टोचणं. तिचा नवरा बाजूच्या ओट्यावर बसून होता. तो म्हणे, हे तं मले बिनासुईचं रोज टोचते.

शेवटी माही जाऊ सत्यभामा बोलली. शालिकरामच्या नावात शेवटी राम हाये. राम देवाचं नाव, ते घ्याले कोणाची बंदी नाई, उलट पुण्य लागते. तं तू निस्तं राम काढ, शालिक राहू दे. मले पटलं. सातहीजणींले पटलं.

(लिहिणार: व्याकरणदृष्ट्या निकाल अपुरा वाटतो. पण सात बायांपुढे मी बोललो नाही.)

त्या ताराले सुई देऊ नको, ते तुहं बरोबर हाये. लबाडीचं प्रायश्चित्त म्हणून तिले वाटीभर लोणचं दे. शालिकले सांगजो, वर चढला का खाली पाऊ नको. माया जागच्या जागी हाये, कुठं जात नाई.

तुही सासू,
गिरजाबाई


कॅम्प, भिलाई
१० डिसेंबर १९५८

ती. सौ. सासूबाईंचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

लोणचे दिले. ताराबाईंनी उलट लाल दोऱ्याच्या दोन लडी आणून दिल्या, कारण माझा दोरा संपला होता ना. आता त्या खोट्याचे काय करावे, मला समजत नाही.

आपल्या आज्ञेप्रमाणे गोधडीच्या कोपऱ्यात साखळी टाक्याने राम काढला. यांना झोपेत अंथरुणावर गोल फिरायची सवय आहे, आपणांस ठाऊकच. उठून पाहते तो रामावर यांचे दोन्ही पाय. शिवाय गोधडी उन्हात टाकली, तेव्हा समोरच्या ओळीतल्या भजनी मंडळींनी तिला हात जोडले. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी आमच्या दारात झांजा वाजतात. मला भजने येत नाहीत, हे सांगायचा धीर होत नाही.

पण खरे संकट नंदिनीला झाले. तिथे सुखराम म्हणून राजनांदगावकडचे वेल्डर आहेत. त्यांच्या पत्नीने गोधडी पाठवते आणि तिच्यावर राम काढते असे कळवले होते. तिच्या सासूनेही हाच निकाल दिला होता म्हणे! यांची गोधडी दोरीवर पाहताच त्यांनी ती आपलीच आली म्हणून उचलली. भला माणूस, रोज बायकोच्या टाक्यांचे कौतुक करतो. हे तक्रार घेऊन गेले, तर जमादार म्हणाला, नाव दाखव. नाव राम. सुखरामांत राम आहे, यांच्यात आहे, आणि रामप्रसाद म्हणून एक आहे तो म्हणतो, माझ्यात तर सगळ्यांच्या आधी आहे. जमादाराने वयाने मोठे म्हणून गोधडी सुखरामांना दिली.

हे गेले नऊ दिवस सिमेंटची रिकामी पोती पांघरून झोपतात. ट्रकवाल्याकडून निरोप आला, त्यात खोकला लागल्याचे कळले. नाव घातले तर आयुष्य कमी होईल म्हणून मी घातले नाही, आणि न घातल्यानेच ते कमी व्हायची वेळ आली. चूक कुणाची हे मी विचारत नाही, माझीच असणार. काय करावे ते लवकर कळवावे. मायेला अंतर न द्यावे.

आपली,
कौशल्या


कॅम्प, भिलाई
१७ डिसेंबर १९५८

ती. सौ. सासूबाईंचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या उत्तराची वाट न पाहता मी वागले. असे आयुष्यात पहिल्यांदाच केले, म्हणून सगळे सांगते.

रविवारी हे सुट्टीवर आले. सुखरामांनी एका दिवसाच्या बोलीवर गोधडी दिली होती. हे इतके खोकत होते की ताराबाईंच्या घरचा पाळीव पोपटही खोकू लागला. मी दुपारीच सुई घेतली. मात्र यांना समोर खाटेवर बसवून ठेवले आणि काम होईपर्यंत उठायचे नाही असे बजावले. पाणी प्यायलाही नाही. पहिल्या अक्षराला यांना शिंक आली, मी थांबले. दुसऱ्याला सुई माझ्याच बोटात गेली, म्हटले बरे झाले, काय जायचे ते माझ्यावर गेले. तिसऱ्याला काहीच झाले नाही, त्याचीच मला सर्वांत भीती वाटली. रामाच्या आधी चारच बोटे जागा होती, त्यामुळे ही तीन अक्षरे बाकावर दाटीने बसलेल्या पाहुण्यांसारखी दिसतात. शेवटचा टाका घालून वर पाहिले, तर हे जिवंत होते आणि भजी मागत होते.

आज ट्रकवाल्याने सांगितले की जमादाराने नाव वाचून गोधडी बिनतक्रार यांना दिली. खोकला उतरला आहे. क्रेनचा मुख्य खांबही उभा झाला, हे वरून धड खाली आले. सुखरामांची खरी गोधडी पोस्टाने पोचली, तिच्यावरही लाल राम. त्यांनी विचारले आहे की वहिनी आमच्या गोधडीवर सुख काढून देतील काय. मी नकार कळवला. त्यांच्या बायकोचा जीव मला ठाऊक आहे.

ताराबाईंना खरे काय ते सांगितले. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. त्यांनीही आपल्या यजमानांचे नाव कधी काढलेले नाही.

मी आपला शब्द मोडला. शिक्षा सांगावी, पण अबोला धरू नये.

आपली अपराधी,
कौशल्या


साकोली, जि. भंडारा
२४ डिसेंबर १९५८

चि. सौ. कौशल्येस गिरजाबाईचे आशीर्वाद.

(पहिले आशीर्वाद रागाचे आणि खालचे खरे, असे बाई सांगतात. लिहिणार रामाजी मास्तर.)

या बारीनं बायाइले ओसरीवर बसू देलं नाई. मले इचारल्याबिगर तू टाका घातला, याचा मले राग आला. तो जेवणापर्यंत व्हता. मग मास्तराले पत्र पुन्हा वाचाले लावलं, शालिकचा खोकला गेला अन् तो वरून धड उतरला येवढंच दोनदा आयकलं. आता राग ठेवू कोणावर? सत्यभामाले मी सांगून टाकलं, तुहा निकाल पोत्यात गेला.

पण पोरी, तुह्या पत्रानं मले एक खोड लावली. मास्तराले म्हटलं, आमच्या घरधन्याचं नाव कागदावर काढून दाखवा. बेचाळीस वर्सं झाली, मी ते कधी घेतलं नाई, अन् दिसते कसं तेबी पायलं नाई. मास्तरानं काढलं. म्या म्हटलं, बस? येवढंसंच? पाच अक्षरं, अंगणातल्या कोंबड्यांवानी. माणसाचा आवाज पार तळ्यापर्यंत जाते, अन् नाव वीतभर नाई. याले मी बेचाळीस वर्सं भेली! बाकीच्याइले बाजूले नाई तं डोक्यावर कायी ना कायी हाये, पण मधलं एक अक्षर निस्तं गरिबावानी उभं हाये. ते मले लय आवडलं.

संक्रांतीले येशील तवा सुई अन् लाल दोरा आणजो. तुले काढाले नाई सांगत, मले शिकव. तोवर त्या कागदावर बोट फिरवून पाहातो. काल फिरवून राहिली व्हती, तं हे खाटेवरून म्हणे, काय करून राहिली. म्या म्हटलं, कागदावर मुंगी हाये, तिले वाट दाखवून राहिली. तवा ते उठून आले, कागद पायला, अन् म्हणे, मुंगीले सांग, सावकाश जाय.

तुले भरभरून आशीर्वाद, हे खरे.

तुही सासू,
गिरजाबाई, निशाणी अंगठा