टेबलाला व्हिनेगर

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ७ वाजून २० मिनिटं

गुन्हा आत्ताच घडला. मी दूध तापवायला आत गेले, तेवढ्यात. बाहेर येऊन बघते तर धाकटी जाऊ अंगणातल्या माझ्या संगमरवरी टेबलावर ओणवी होऊन व्हिनेगर चोळतेय. व्हिनेगर!

"बघा जाऊबाई, किती मळ निघाला," म्हणते. मळ नव्हे, बाई. ती झिलई होती.

ताटाएवढा भाग पांढुरका झालाय. लख्ख टेबलाला मधोमध मोतीबिंदू. कुणी सांगितलं होतं, विचारलं. तर म्हणे, "काचेला चालतं की." काचेला चालतं म्हणून डोळ्यांत घाल.

शाळेत सिस्टर सांगत, शेजाऱ्यावर प्रेम करा. सिस्टरांना जाऊ नव्हती.

बुधवार, ५ मार्च

बोलणं बंद. तिच्याकडूनही असेल, पण आधी माझ्याकडून.

काल खाण्याच्या सोड्याचा लेप थापला होता, वर प्लास्टिक, वजनाला शब्दकोश. सकाळी लेप निघाला, डाग जागच्या जागी. तेलाचा असता तर लेपाने ओढून घेतला असता. पण हा डागच नाही. आंबटाने दगड खाल्लाय. खाल्लेलं ओढून कसं काढणार?

हे टेबल मी निवृत्तीच्या दिवशी स्वतःला भेट दिलं. तेव्हापासून धाकटीला सांगतेय – कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, लगेच कोरडं पुसायचं. कपाखाली चकती. पावसात कापडाचं आच्छादन, प्लास्टिकचं नाही; त्याखाली ओल कोंडते. बस्स. नवऱ्याचेही इतके लाड केले नाहीत मी. त्याने तक्रार केली नाही, टेबलही करत नव्हतं.

शुक्रवार, ७ मार्च

अंगणात एकटीने चहा घेतला. शांतपणे. गरम.

ती असली की आधी वाट बघा. वरच्या मजल्यावरून खाली यायला हल्ली इतका वेळ, जणू राणीसाहेब दरबारात येतायत. तोवर चहा गार. मग कोण जाड झालं, कुणाच्या सुनेने काय केलं, तासभर. आमचे नवरे, दोघे भाऊ, या जगातून सुटले, तेव्हापासून रोज हेच.

आज कुणाचीच निंदा झाली नाही. दिवस अळणी.

शनिवार, ८ मार्च

फरशी पॉलिशवाला येऊन गेला. "मॅडम, मशीन लावून अख्खा वरचा थर काढू." म्हटलं, एक दात किडला तर जबडा काढतोस का? तर म्हणतो, "मग राहू द्या. या वयात कोण बघतंय?" फाटकापर्यंत पोचवून आले त्याला. शब्दांनी.

हार्डवेअरवाल्याकडून संगमरवराची पॉलिश पावडर आणली. फडकं ओलं करून गोल गोल घासलं. हात गळ्यात आला, तेव्हा कुठे नाण्याएवढी चमक परतली. वरच्या खिडकीचा पडदा हलला. हलू दे.

सोमवार, १० मार्च

घासलं. बशीएवढं झालं. पडदा हलला नाही.

मंगळवार, ११ मार्च

पुतण्या आला, धाकटीचा मुलगा. टेप घेऊन जिना मोजत होता.

"कपाट वळतंय का बघतो, काकू."

"कपाट कुठे निघालंय?"

"आईबरोबर. शनिवारी टेम्पो येतोय. नेतोय ना तिला आमच्याकडे. बोलली नाही तुम्हाला?"

"आमचं बोलणं बंद आहे."

"कमाल आहे दोघींची. अहो, तिला जिना झेपत नाही आता. बसून उतरते, एकेक पायरी. शेवटच्या वळणावर उठून उभी राहते, तुम्हाला दिसू नये म्हणून." मग हसला. "जायच्या आधी तुमचं टेबल चकाचक करून द्यायचं म्हणत होती. केलं का?"

"केलं," म्हटलं.

त्यांच्याकडे लिफ्ट आहे म्हणे, आठव्या मजल्यापर्यंत. तिथे ती दिवसभर बोलणार कुणाशी, विचारलं. "टीव्ही आहे की," म्हणाला. शिकलेला मुलगा आहे.

बुधवार, १२ मार्च

घासलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

धाकटीच्या दाराखालून चिठ्ठी सरकवून आले. नक्कल इथे उतरवते. उद्या ती नाही म्हणाली तर पुरावा हवा.

"तू खाली राहायला ये, मी वर जाते. माझे गुडघे धड आहेत. अंगण तुझं, टेबलही तुझं. व्हिनेगरची बाटली मात्र मी वर नेणार. टेम्पोवाल्याला काय सांगायचं ते मी सांगते, मुलाला तू सांग. तोंडी विचारलं तर तू नकोच म्हणशील, म्हणून उत्तर लेखी हवं. उद्या, शुक्रवारी, संध्याकाळी सहाच्या आत."