नानीबाईंचे नाव निबंधात घालण्याबाबत

मी, निता दौलतसिंग आडे, वय २४, इंझोरीजवळच्या तांड्यावर राहणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी नागपुरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. तरी लिहिते.

१. लॅपटॉप आणि पुस्तके धाकटी बहीण मंजू हिची. पुस्तकांतल्या माझ्या पेन्सिलच्या रेघा खोडू नयेत.

२. पदवीचे प्रमाणपत्र बाबांचे. घरातली पहिली पदवी म्हणून त्यांनीच ते काचेत लावले. "इतकी वर्सं शिकून पोट्टीनं भाजीच लिहिली," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि हसतात.

३. ती भाजी म्हणजे रानभाज्यांवरचा माझा शोधनिबंध. तरोटा, काटवल, केना धरून चौतीस भाज्या. कोणती कधी खुडायची, कोणती दोनदा उकळायची, हे सारे शेजारच्या नानीबाई सेवादास चव्हाण यांनी मला शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने फिरवून सांगितले. निबंधाखाली अकरा पुस्तकांची नावे आहेत. नानीबाईंचे नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "तोंडी सांगितलेलं कोण तपासणार? पुस्तकं टाक." सरांवर माझा राग आहे. पण नाव खोडले मी.

निबंध आलेला शोधपत्रिकेचा छापील अंक नेला तेव्हा नानीबाई म्हणाल्या, "माहं नाव कुठी हाय? बोट ठेव बरं." त्यांना वाचता येत नाही. मी माझ्याच नावावर बोट ठेवले. आल्यागेल्याला त्या ती जागा दाखवतात.

४. संपादकांना दुरुस्तीपत्र काल पाठवले. त्यात नानीबाईंचे पूर्ण नाव, गाव, आमच्या बोलण्याच्या तारखा आहेत. त्यांनी ते छापले नाही, तर मंजूने निबंध मागे घेण्याचे माझे सोबतचे पत्र पाठवावे. माझ्या नावावर तेवढा एकच लेख आहे. तरीही. मोबाइलमधले नानीबाईंचे बोलणे त्यांना विचारल्याशिवाय कोणाला देऊ नये. सरांनाही नाही.

५. नानीबाई मुलासोबत ऊसतोडीला गेल्या आहेत. परवा फोन लागला. "एक भाजी राह्यली तुले दाखवाची. आली का दाखवतो," म्हणाल्या. नावाचे खरे मला सांगता आले नाही. येता-जाता त्यांच्या दाराच्या कुलपाकडे बघते. होळीला त्या येतील. मी नसले तर मंजूने तिसरे कलम त्यांना वाचून दाखवावे. माझी बाजू घेऊ नये. त्या रागावल्या तर मध्ये बोलू नये. जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत, नाव आणि तारीख घालून लिहावे.

मी बरी होऊन आले, तर हे काम माझे. ते मला फार करायचे आहे.

सही : निता दौलतसिंग आडे
साक्षीदार : १. गोविंदसिंग देवमन पवार २. चंदना कस्तुरचंद जैन
इंझोरी, १२ जानेवारी २०२५