अर्जुनरावांचा वाढदिवस आणि तिसरं पान

धारूर, शुक्रवार, सकाळी

आदरणीय अंगदराव दाजी यांच्या चरणी धर्मराजचा दंडवत.

पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही माझा फोन उचलत नाही. बबिताअक्काच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा आहे. नवी म्हैस शांतपणे दूध देते की अजून बादलीला लाथ मारते, तेही कळवावे (न कळवल्यास मारते असं धरून चालेन). इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. मंगळवारी माझ्यावर गुन्हा दाखल झाला, तेवढं सोडल्यास विशेष काही नाही.

तुमचा राग फोटोचा आहे, हे मला ठाऊक आहे. फेटा बांधलेला, काळा चष्मा लावलेला तुमचा रुबाबदार फोटो आमच्या 'डोंगरहाक'च्या तिसऱ्या पानावर आला, आणि ज्या बातमीसाठी मला ठाण्यात बसवलं, बरोबर तिच्याच खाली आला. वर 'तलावाची भिंत खचली', खाली तुम्ही, आणि तुमच्याखाली 'शुभेच्छुक'. त्यामुळे हवालदार तुमच्याही दारात येऊन गेले आणि अर्जुनरावांच्या बैठकीत तुम्हाला कुणी चहा विचारला नाही, असं अक्काकडून कळलं. हे कसं घडलं ते एकदा नीट वाचा. मग हवं तर दिवाळीपर्यंत फोन उचलू नका.

आमचं साप्ताहिक पुढाऱ्यांच्या वाढदिवसांवर चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या पानावर उत्सवमूर्ती, चौथ्यावर शुभेच्छुकांचे फोटो, आणि मधल्या दोन पानांत काय असतं ते आजवर कुणी पाहिलेलं नाही. (एका वर्षी मधली पानं आदल्या अंकातलीच छापली गेली होती. एकाही वाचकाची तक्रार आली नाही.) ज्याचा वाढदिवस, त्याची माणसं गठ्ठेच्या गठ्ठे जीपमध्ये टाकतात आणि तालुक्यातल्या प्रत्येक पारावर, किराणा दुकानात, स्टँडवर नेऊन वाटतात. वाचण्याची अट कुणालाच नसते, त्यामुळे सगळे सुखी असतात.

या खेपेला वाढदिवस अर्जुनरावांचा होता, आणि त्याच सुमारास तुमच्या वस्तीच्या वरच्या वाघझरा तलावाचा सरकारी अहवाल माझ्या हाती आला. कुणी दिला ते विचारू नका. सख्खी बायको असून स्वप्नालाही माहीत नाही (तिला माहीत आहे, पण ते तिने मला सांगितलेलं नाही). बारा पानं आणि प्रत्येक पानावर तांबडा शिक्का, 'गोपनीय'. आत काय, तर भिंत मधोमध खचली आहे, भेग आरपार गेली आहे, आणि येत्या पावसाळ्यात तलाव भरला तर ती टिकेल याची खात्री देता येत नाही. भिंत अर्जुनरावांनी बांधली हे अहवालात कुठेच नव्हतं. ते मी पदरचं घातलं. ही बातमी मी पुढच्या अंकात घेणार होतो. ऐन वाढदिवसाच्या अंकात घ्यायची माझी छाती नव्हती, हे घरचे म्हणून तुम्हाला सांगतो.

आता चूक कुठे झाली ते ऐका. पानं लावते स्वप्ना. कॉम्प्युटरवर मी दोन फायली करून ठेवल्या होत्या, एक 'अर्जुनराव फळवाटप' आणि दुसरी 'अर्जुनराव तलाव'. शुभेच्छुकांचे फोटो अगदी शेवटच्या घटकेपर्यंत येत राहिले, चौथं पान भरलं आणि उरलेले फोटो तिसऱ्याच्या तळाला सरकवावे लागले. (त्यात तुम्ही. तुमचा फोटो सगळ्यांत उशिरा आला, कारण चष्मा लावावा की काढावा यावर तुमच्या घरी दोन दिवस खल चालला होता.) त्या गडबडीत फळं राहिली आणि तलाव गेला. सकाळी अर्जुनरावांची जीप आली, त्यांच्या माणसांनी गुलालाच्या हातांनी गठ्ठे उचलले आणि सरकारचं गुपित तालुकाभर पोचवलं. तुमच्या वस्तीवर तर म्हणे अंकाबरोबर पेढाही दिला.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही, कारण कुणी वाचलंच नव्हतं. पाचव्या दिवशी एका दुकानदाराने शेंगदाणे बांधता बांधता वाचलं, आणि सहाव्या दिवशी मी ठाण्यात होतो. शासकीय गुपिते अधिनियम, एकोणीसशे तेवीस. इंग्रजांनी केलेला कायदा, दाजी. त्या काळी आमचा मुलूख निजामाकडे होता, म्हणजे तेव्हा जो आमच्या आजोबांनाही लागू नव्हता, तो आज मला लागला. ठाण्याच्या साहेबांनी विचारलं, अंक किती लोकांपर्यंत गेला? मी म्हणालो, मी फक्त छापला, पोचवला अर्जुनरावांनी, आणि तुमच्याच पुस्तकात गुपित दुसऱ्याला पोचवणाराही गुन्हेगार आहे, तर त्यांचं नाव आधी लिहा. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि चहा मागवला (मला नाही).

पालीचे धोंडीराम हवालदार भला माणूस. दुपारी माझ्याजवळ येऊन बसले. "पत्रकारसाहेब, कावून जीवाला घोर लावून घ्यायलाव? कागद कुनी दिला तेवढं सांगा अन् घरी जा. म्या बी जेवलो न्हाई अजून."

"आज नाव सांगितलं तर उद्या मला कोन काय सांगल, हवालदार? मंग म्या निस्ते वाढदिवसच छापीत बसू का?"

त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. तेवढ्यात तुमच्या वस्तीवरची सारजाबाई सगळ्या शेळ्या घेऊन ठाण्याच्या दारात हजर. "माज्या शेळ्या धा वर्सं त्या भित्तीवर चरत्यात. भेगीत माजा हात कोपरापस्तोर जातो. म्या ते समद्यांला सांगत फिरते. मला बी बसवा हितं." साहेबांनी तिला घरी जायला सांगितलं. ती बसून राहिली, आणि शेळ्यांनी आवारातली जास्वंद बुंध्यापर्यंत खाल्ली. शेवटी तिचा जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला, आणि त्या कागदावरही 'गोपनीय'चा शिक्का मारला.

संध्याकाळी साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'सदर मजकूर अनवधानाने छापला गेला, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली अहवाल देणाऱ्याच्या नावासाठी एक मोकळी ओळ. सही करा आणि प्रकरण मिटवा, म्हणाले. गंमत बघा, त्यातलं पहिलं अर्धं वाक्य शंभर टक्के खरं होतं. मजकूर अनवधानानेच गेला होता. पण ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. भिंत खचली आहे हे पाण्याला माहीत, शेळ्यांना माहीत, खात्याला बारा पानं भरून माहीत, आणि भिंतीखाली जी माणसं झोपतात तेवढ्यांनाच ते कळू द्यायचं नाही? मी म्हणालो, साहेब, लिहून घ्या. मी हे जाणूनबुजून छापलं, शुद्धीत छापलं, आणि सोडलंत तर पुन्हा छापीन. (स्वप्ना म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा तिची चूक मी स्वतःच्या नावावर घेतली, तीही अशा वेळी.) रात्री कोर्टात हजर राहण्याची नोटीस देऊन मला घरी सोडलं, पण मोकळी ओळ मोकळीच आहे. तिथे नाव पडणार नाही, मग मला बीडला नेवोत की आणखी कुठे. दाजी, मला भीती वाटते. पण त्या कागदावर सही करण्याची जास्त वाटते.

अक्काला नमस्कार, म्हशीला दुरून.

तुमचा मेहुणा,
धर्मराज

ता. क. सोमवारी कोर्टात हजर व्हायचं आहे. जामीनदार लागतो, जमीन नावावर असलेला. आपल्या नात्यात सातबारा धड असलेले तुम्ही एकटेच. येताना चष्मा आणला तरी चालेल.

ता. क. २. वरची ता. क. खोडली असं समजा. तुम्ही माझ्यासाठी कोर्टाची पायरी चढलात तर अर्जुनराव तुम्हाला वस्तीवर सुखाने राहू देणार नाहीत. जामीन मी दुसरीकडे बघतो.

ता. क. ३. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. दाजी, अहवालाचं बारावं पान मी छापायला दिलंच नव्हतं. त्यावर भिंत गेली तर आधी कोणती घरं जातील त्यांची नावानिशी यादी आहे. लोक घाबरतील, आणि बहिणीसाठी आरडाओरडा केला असं म्हणतील, म्हणून मी ते दाबून ठेवलं. म्हणजे मीही तोच शिक्का मारला. ते पान आता या पाकिटात घातलं आहे. यादीत पहिलं घर तुमचं आहे. माझ्याशी बोलू नका, पण मिरगाच्या आत अक्काला आणि गुरांना घेऊन वरच्या रानात राहायला जा, आणि जाताना हे पान दारोदार वाचून दाखवा.