तेलाच्या पंपाची जाळी

प्रिय आर्विड,

तुझं कार्ड येऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून लॉरेनचा फोन आला, तेव्हा मी तिला सांगितलं की वाटाणा पेरायचा राहिलाय, बसायला सवड नाही. पेरणी केव्हाच उरकली होती. तुझी बायको बिचारी माझ्या पाठीची चौकशी करत राहिली आणि मी ऐकून घेत राहिले.

ट्रॅक्टर गुरुवारी इथून निघेल. शेजारच्या ड्वेनच्या लांब ट्रेलरवर चढवून, साखळदंडांनी बांधून, शुक्रवारी दुपारपर्यंत टॅकोमाला. नोकरी सुटल्यावर माणसं मासे धरायला जातात, तू पाच एकर झुडपं विकत घेतलीस आणि ती साफ करायला पप्पांचा चाकांऐवजी चेनवर चालणारा ट्रॅक्टर मागितलास. माझ्याहून तीन वर्षांनी थोरला आहे तो, म्हणजे त्रेसष्ट वर्षांचा. "दोन म्हातारे एकमेकांना ओढतील," असं ड्वेन म्हणाला. मी हसले. पण तुझ्या कार्डाच्या शेवटच्या ओळीवर मला हसता आलं नाही. "काळजी करू नकोस सिग्ने, या वेळी काट्यावरून नजर हलवणार नाही." तू ते गमतीनं लिहिलं असशील.

आधी कामाचं सांगते. हिवाळाभर मी आणि ड्वेननं ट्रॅक्टर पुरता उघडून पुन्हा जोडलाय, पण तेलं तुलाच सांभाळायची आहेत आणि त्याला तुझा हात अडतीस वर्षं लागलेला नाही. दुकानातल्या पोरांचं ऐकू नकोस. सगळ्यात महाग डबा तोच सगळ्यात चांगला, असं त्यांना वाटतं. जुन्या यंत्राचं पोट म्हाताऱ्या माणसासारखं असतं, त्याला सोसेल तेच घालावं. खालच्या रोलरना नेहमीचं घट्ट ग्रीस चालत नाही, ते आत शिरतच नाही. काकवीसारखं जाड तेल मिळतं, ते पिचकारीनं भर आणि कडेनं जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत थांबू नकोस. चेनला मात्र तेलाचा थेंबही लावायचा नाही. करकर वाजते म्हणून तुझा जीव तुटेल, तरी नाही. तेलावर माती बसते आणि पाट्यावर वाटल्यासारखं लोखंड वाटून निघतं. लहानपणी तू एकदा दया येऊन अख्खी बुधली ओतली होतीस आणि पप्पांनी तुला रॉकेल न् ब्रश देऊन एकेक कडी पुसायला लावली होती, आठवतं? मी कुंपणावर बसून रुबार्बचे आंबट देठ साखरेत बुडवून खात होते. तुला एकही दिला नाही.

गिअरबॉक्समध्ये साधं, जुन्या पद्धतीचं गिअर ऑइल. हल्लीच्या काही तेलांत गंधकाचं औषध असतं. आजच्या गिअरना ते मानवतं, पण आपल्या गिअरबॉक्समध्ये ब्राँझचे बुश आहेत आणि ते औषध त्यांना हळूहळू खातं. बाहेरून काही कळत नाही, एक दिवस सगळं खिळखिळं झालेलं असतं. मागच्या मोठ्या गिअरना त्याच जातीचं, पण आणखी जाड. वळायचे दोन्ही क्लच कोरडे आहेत, त्यांना काहीच नाही. महिन्यातून एकदा खालचं बूच काढून बघ, तेल गळून तिथे साचत असेल तर मला फोन कर.

हे सगळं पप्पांनी हत्यारपेटीच्या झाकणाखाली खिळ्यानं कोरून ठेवलंय, ते तुला दिसेलच. त्याखाली एक ओळ अर्धीच घासलेली आहे. ती मी या हिवाळ्यात कानशीनं घासायला घेतली होती. ती तू कधी पाहिली नाहीस, कारण पप्पांनी ती तू घर सोडून गेल्यावर कोरली. "काटा बघा."

इंजिनाचं तेल राहिलं. मघापासून त्याच्याभोवती फिरतेय, तुझ्या लक्षात आलं असेलच.

छप्पन सालचा ऑगस्ट. ऑस्टाडचा पाय मोडला होता आणि त्याचा गहू उभा होता, म्हणून आपल्या खोऱ्यातले सगळे एका दिवसात तो काढून द्यायला जमले होते. चर्चच्या बायकांनी झाडाखाली टेबलं मांडली होती. दुसऱ्याच्या शेतावर, चाळीस माणसांसमोर, पप्पांनी पहिल्यांदाच तुला ट्रॅक्टरवर बसवलं होतं. तू धुतलेला शर्ट घातला होतास, एकोणीस वर्षांचा घोडा, आणि मी चिडवलं होतं की लग्नाला निघालास की गव्हाला. मळणीचं यंत्र ओढत तू त्या उभ्या टेकडीच्या निम्म्यावर गेलास आणि इंजिन आतून ठोके द्यायला लागलं. खालपर्यंत ऐकू आलं. मग थांबलंच. पप्पा धसकटं तुडवत वर गेले. तू म्हणालास, "तेलाच्या दाबाचा काटा नीट होता पप्पा, मी बघत होतो. एकदम पडला." पप्पा ओरडलेही नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच म्हणाले, "काटा एकदम पडत नाही रे. बघणारा झोपतो."

त्या उन्हाळ्यात मी धान्याच्या कोठारावर हिशेबाला जात होते. तिथे नव्या तेलाचे डबे आले होते, इंजिन आतून धुऊन काढणारे. मी त्यांचं पत्रक तीनदा वाचलं. पप्पा म्हणायचे, जुन्या इंजिनाला त्याचं साधं तेलच बरं. मला वाटायचं, पप्पांना काय कळतंय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! कापणीआधी दहा दिवस मी जुनं तेल काढून नवं घातलं, पप्पांच्या जुन्याच डब्यातून, कोणाला न सांगता. हंगाम संपला की सांगणार होते, इंजिन किती गोड चाललं ते दाखवून. तेलानं आपलं काम चोख केलं. पंचवीस वर्षांचा गाळ सुटा केला.

ट्रॅक्टर ओढून घरी आणल्यावर खालचं चेंबर सोडायला मी आत सरकले, हात बारीक म्हणून ते काम नेहमी माझंच. तेलाच्या पंपाची जाळी पुडिंगसारख्या काळ्या गाळानं गच्च बुजली होती. एका क्षणात मला सगळं कळलं. तेल वर चढलंच नव्हतं आणि काटा एकदमच पडला होता. पप्पा तेव्हा पाना आणायला गेले होते. मी जाळी पेट्रोलमध्ये धुतली, फडक्यानं पुसली आणि बाकावर ठेवली. ते आले, जाळी उजेडाकडे धरून बघितली. "जाळी साफ आहे," म्हणाले, "म्हणजे दाब हळूहळू पडत गेला असणार. पोरगं तासभर काट्याकडे बघतच नव्हतं." तू दारात उभा होतास. माझ्याकडे बघितलंस, म्हणजे मी तुझ्या बाजूनं काही बोलेन म्हणून. मी फडकं घेऊन बाक पुसायला लागले.

उद्या सांगू, असं रोज ठरवलं. ऑक्टोबरात तू बसमध्ये बसलास. पप्पांनी जमीन माझ्या नावावर केली, कारण सिग्ने यंत्राची काळजी घेते. ते गेले तेव्हा तरी सांगायचं होतं, पण तेव्हा तू स्वतःच म्हणालास की "खरंच झोप लागली असेल गं मला, एवढ्या उन्हात." तुझ्या तोंडून ते ऐकलं आणि माझी उरलीसुरली हिंमत गेली. लॉरेन नाताळात हसत सांगत होती की तू गाडी चालवायची सोडलीस, रस्त्यापेक्षा काट्यांकडेच जास्त बघतोस म्हणून तिनंच किल्ली काढून घेतली. त्यावर मीही हसले, आर्विड. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

इंजिन आम्ही आतून खरवडून साफ केलंय, गाळाचा कणही नाही. त्यामुळे आता त्यात ते धुणारं तेलसुद्धा चालेल, बिनधास्त घाल. छप्पनमध्येही ते वाईट नव्हतं, जागा चुकीची होती आणि माणूस चुकीचं होतं. पेटीतली ओळ मी पूर्ण घासून काढणार होते, पण निम्म्यावर लक्षात आलं की पुन्हा तेच करतेय, पुसून टाकतेय. म्हणून तशीच सोडली. जमिनीचे कागद वकिलाकडे दिलेत, निम्मी तुझी. त्याबद्दल आभार मानलेस तर बघ. आणि रागावलास तर तो तुझा हक्क आहे, मी फोनजवळच असते. ट्रॅक्टर तुझ्या दारात पोचायच्या आत हे पत्र पोचायला हवं, म्हणून ते आजच टाकतेय. त्यावर बसशील तेव्हा झुडपांकडे बघ, समोरच्या डोंगराकडे बघ, जरा गाणं म्हण. काट्याकडे मधूनमधून बघितलंस तरी पुरे. त्या दिवशी तू बघत होतास. मला तेव्हापासून माहीत आहे.

तुझी अपराधी बहीण, तरीही तुझीच,
सिग्ने